विकले म्हणून राग, की नाव पुसले म्हणून?

पत्राचा सारांश: पत्रलेखक नोकरी सांभाळून दोन मित्रांसह सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक मराठी सॉफ्टवेअर विकसित करत आहेत. दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी आणि अनामत, पुस्तकांची देवघेव आणि वार्षिक अहवालाचे तक्ते एवढी कामे त्यातून होतात. सुरुवातीला त्यांनी ते एमआयटी या फार सैल परवान्याखाली, म्हणजे कोड सगळ्यांना वापरायला आणि बदलायला देऊन, खुले केले होते. पुढे असे लक्षात आले की, एका विक्रेत्याने त्यातील लेखकांची नावे काढून, स्वतःचे बोधचिन्ह लावून, तेच सॉफ्टवेअर काही ग्रंथालयांना वार्षिक शुल्क घेऊन दिले आहे. संतापून पत्रलेखकांनी नव्या आवृत्तीसाठी परवान्याची फाइल बदलली आणि ‘व्यावसायिक वापरास मनाई’ अशी अट घातली. मुखपृष्ठावरचे ‘ओपन सोर्स’ हे शब्द मात्र तसेच ठेवले. त्यावर, कोडमध्ये मोठी भर घातलेल्या एका स्वयंसेवकाने दोन आक्षेप घेतले: माझ्या कोडचा परवाना तुम्ही परस्पर बदलू शकत नाही, आणि अशी मनाई असलेल्या सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणता येत नाही. दोघा मित्रांपैकी एकाचा आग्रह असा की, ‘ओपन सोर्स’ हे नावच टाकून ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणावे आणि जीपीएल (बदललेली प्रतही मूळ कोडसह आणि त्याच हक्कांसह देण्याची अट असलेला) परवाना घ्यावा. दुसऱ्याने काही भाग कार्यालयाच्या लॅपटॉपवर लिहिला आहे, हेही पत्रात ओघात आले आहे. पत्रलेखक विचारतात: “कोड सगळ्यांना वाचता येतो, बदलता येतो, ग्रंथालयांना तो फुकट मिळतो. मग त्याला ओपन सोर्स म्हणायला आम्हाला कोणाची परवानगी हवी? आणि आमच्या कष्टांवर दुसऱ्याने पैसे मिळवू नयेत, ही अपेक्षा चूक आहे का?”

नमस्कार,

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की, त्या वेगळ्या केल्याशिवाय परवान्याच्या निवडीकडे वळता येणार नाही. विक्रेत्याने तुमचे सॉफ्टवेअर विकले, आणि तुमची नावे पुसली. पहिली गोष्ट करण्याची मुभा एमआयटी परवान्याने त्याला स्पष्ट शब्दांत दिली होती. वापरणे, बदलणे, वाटणे यांच्याच रांगेत प्रती विकण्याचाही त्यात उल्लेख आहे. दुसरी गोष्ट करण्यास मात्र त्याच परवान्याने मज्जाव केला होता. अवघ्या दोन-तीन परिच्छेदांच्या त्या मजकुरात अट अशी एकच आहे, ती म्हणजे प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत कायम ठेवण्याची. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही त्याला आजही जाब विचारू शकता ती तुम्ही सोडून दिलीत, आणि जिची मुभा तुम्हीच दिली होती ती बंद करायला निघालात. शिवाय तुमची नवी अट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जुनी आवृत्ती एमआयटी परवान्याखालीच राहते, आणि तिच्यावर तो आणखी कित्येक वर्षे धंदा करू शकतो.

अशाच एका प्रसंगाचा निकाल अमेरिकेत लागलेला आहे. रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञाने इतर हौशी मंडळींसह मॉडेल रेल्वे चालवण्याचे जेएमआरआय हे सॉफ्टवेअर तयार करून ‘आर्टिस्टिक लायसन्स’खाली खुले केले होते. एका व्यावसायिक उत्पादनात त्यातील फाइली लेखकांची नावे आणि प्रताधिकाराच्या सूचना गाळून वापरल्या गेल्या. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी मोडल्याने प्रताधिकाराचा भंग कसा होईल, असा तिथे प्रश्न होता. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की, पैसे घेतले नसले तरी नाव राखण्यासारख्या अटींना आर्थिक मोल असते, आणि त्या मोडणाऱ्याविरुद्ध प्रताधिकार कायद्याखाली दाद मागता येते. हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, परंतु आपल्याकडेही संगणक प्रोग्राम हा १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात साहित्यकृतींत मोडतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार कृतीचे कर्तेपण सांगण्याचा लेखकाचा हक्क प्रताधिकार दुसऱ्याकडे गेल्यावरही टिकून राहतो.

तेव्हा पहिले काम विक्रेत्याला पत्र पाठवण्याचे आहे. त्याआधी एखाद्या ग्रंथालयाच्या कार्यवाहांच्या संमतीने, तिथे बसवलेल्या प्रतीतील, सॉफ्टवेअर कोणाचे ते दाखवणाऱ्या ‘विषयी’ खिडकीचे चित्र, फाइलींची यादी आणि शक्य असल्यास पावतीची नक्कल जपून ठेवावी. पत्रात कोणत्या आवृत्तीतील कोणत्या फाइलींतून सूचना काढली गेली ते नेमके लिहावे, ती पूर्ववत करण्यासाठी वाजवी मुदत द्यावी आणि विक्रीबद्दल चकार शब्द काढू नये. ज्या ग्रंथालयांनी त्याच्याकडून घेतले त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह टाळावा; अनुदानाची वाट पाहणाऱ्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाला परवाना म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

आता ‘व्यावसायिक वापरास मनाई’ या अटीविषयी. ही अट वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर तो एक विक्रेता आहे. इतरांच्या डोळ्यांसमोर कोण येईल, याचा विचार करून पाहा. वर्गणी आणि विलंब शुल्क घेणारे ग्रंथालय व्यावसायिक ठरते का? विनाअनुदानित महाविद्यालयाचे? तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारा मुलगा ग्रंथालयात जाऊन सॉफ्टवेअर बसवून देतो, ग्रंथपालांना दोन दिवस शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो, तो व्यावसायिक वापर करतो का? लेखन, चित्रे यांसाठी तयार परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने स्वतःच्या ‘अव्यावसायिक’ परवान्यांतील या संज्ञेचा लोक काय अर्थ लावतात याचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि तिची सीमारेषा आजही वादाचाच विषय आहे. प्रामाणिक माणूस अशी अट पाहून मागे सरतो. जो मुळात नावे पुसतो तो अटी वाचत बसत नाही. तुमचे सॉफ्टवेअर गावोगावी पोहोचायचे असेल, तर त्या दुरुस्तीवाल्या मुलाची तुम्हाला गरज आहे.

एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. त्या विक्रेत्याने तुम्हा तिघांची नावे ठेवली असती, त्याने केलेल्या सुधारणा उघड केल्या असत्या आणि मग प्रवासाचे, शिकवण्याचे आणि वर्षभर फोन उचलण्याचे पैसे घेतले असते, तर तुम्ही इतके दुखावले असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर विक्री हे तुमचे दुखणे नव्हे. उत्तर ‘हो’ असेल, तर तेही अयोग्य नाही. मात्र मग मुखपृष्ठावरचा शब्द बदलावा लागेल.

त्या शब्दासाठी कोणाची परवानगी हवी? कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने हे शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न केला होता, परंतु ते फारच वर्णनात्मक असल्याने तो १९९९ मध्ये सोडून द्यावा लागला. तरीही हे शब्द कोणीही कसेही वापरावेत असे मोकळे राहिलेले नाहीत. नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला करण्याची घोषणा जानेवारी १९९८ मध्ये केली, त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारीला, पालो अल्टो येथील बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेले हे नाव स्वीकारले गेले. ब्रूस पेरेन्स यांनी आदल्या वर्षी डेबियन या मुक्त संगणक प्रणालीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांवरून त्याची दहा कलमांची व्याख्याही लगेच तयार झाली. त्यातले सहावे कलम सांगते की, कोणत्याही कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करता येणार नाही. आणि तिथे दिलेले पहिलेच उदाहरण असे आहे की, धंद्यात वापरण्यास परवान्याने बंदी घालू नये. तुम्ही घातलेली अट व्याख्येच्या कडेवर कुठेतरी पडते असे नाही. व्याख्येने नाव घेऊन जी नाकारली आहे तीच ती आहे.

या शब्दाचा उपयोगच असा की, तो दिसला की पुढचा माणूस परवाना ओळीन् ओळ वाचत नाही. लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या एखाद्या संचात सॉफ्टवेअर घालणारा, महाविद्यालयाच्या खरेदी समितीचा सदस्य, शासकीय कार्यालयातला तांत्रिक अधिकारी, सगळेच तो शब्द पाहून काही गोष्टी गृहीत धरतात. भारत सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, त्यामुळे आपल्याकडे या शब्दाला निविदांच्या कागदांवरही वजन आले आहे. ज्याने तुमच्या मुखपृष्ठावर विसंबून काम सुरू केले आणि मागाहून मनाईचे वाक्य पाहिले, त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

हा प्रसंग तुमच्यावरच आला आहे असेही नाही. सेंट्री या कंपनीने २०२३ मध्ये कोडकोव्ह या आपल्या उत्पादनाचा स्रोत बिझनेस सोर्स लायसन्सखाली खुला करताना ‘ओपन सोर्स’ हेच शब्द वापरले होते. त्या परवान्यात स्पर्धक सेवा चालवण्यास मनाई असल्याने टीका झाली, शब्द मागे घ्यावे लागले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने अशा परवान्यांसाठी ‘फेअर सोर्स’ हे निराळे नाव पुढे आणले. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. तुम्हाला मनाईची अट ठेवायचीच असेल तर ‘स्रोत उपलब्ध, व्यावसायिक वापरासाठी परवानगी आवश्यक’ असे स्वच्छ लिहा आणि ती परवानगी कोणाकडे, कशी मागायची तेही लिहा. बिझनेस सोर्स लायसन्समध्ये जास्तीत जास्त चार वर्षांनी प्रत्येक आवृत्ती आपोआप खुल्या परवान्याखाली जाते; तशी तारीख घातलीत तर मागाहून येणाऱ्यांना निदान वाट पाहता येईल.

‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणा असे सांगणाऱ्या तुमच्या मित्राचा वाद मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि तुम्ही तिघे त्यावर खर्च करत असलेल्या संध्याकाळी मला वाया जात असल्यासारख्या वाटतात. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणक प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले, आणि वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हा त्यांच्या दृष्टीने पहिल्यापासून नैतिक प्रश्न होता. १९९८ नंतरच्या मंडळींनी त्याच परवान्यांची बाजू कंपन्यांना पटेल अशा भाषेत, म्हणजे गुणवत्ता, खर्च आणि विश्वासार्हता यांच्या आधारे मांडली. कारणे निराळी, पण दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या परवान्यांच्या याद्या जवळपास सारख्याच आहेत. पेरेन्स यांचेच पाहा: ओपन सोर्सची व्याख्या ज्यांच्या हातून उतरली, त्यांनी वर्षभरातच त्या संस्थेचा राजीनामा देऊन आता पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोलण्याची वेळ आली आहे असे जाहीर केले, व्याख्येतले एक कलमही त्यासाठी बदलावे लागले नाही. हा वाद ‘कशासाठी’ याबद्दलचा आहे, आणि ज्यांची ‘कशासाठी’ची उत्तरे भिन्न आहेत ती माणसे एका प्रकल्पात वर्षानुवर्षे सुखाने काम करतात. तुमचा आणि स्वयंसेवकाचा वाद ‘काय करता येईल’ याबद्दलचा आहे, तो असा सोडून देता येत नाही. तेव्हा परवाना ठरल्यावर मुखपृष्ठावर ‘मुक्त आणि ओपन सोर्स’ असे दोन्ही शब्द लिहून मोकळे व्हा.

मित्राला एवढे मात्र सांगा की, ‘मुक्त’ म्हटल्याने विक्री थांबत नाही. स्टॉलमन यांच्या चार स्वातंत्र्यांपैकी पहिले, ज्याला ते शून्यावे म्हणतात, कोणत्याही हेतूसाठी प्रोग्राम चालवण्याचे आहे. स्वतः स्टॉलमन १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादन प्रोग्रामच्या टेपा प्रत्येकी १५० डॉलरला विकत होते, आणि त्यांना त्यात कसलीही विसंगती दिसत नव्हती.

जीपीएलबद्दल आपल्याकडे एक समज फार पसरलेला आहे, तो म्हणजे त्याखाली दुसऱ्याने केलेली सुधारणा मूळ लेखकाकडे परत येते. तशी सक्ती जीपीएलमध्ये नाही. विक्रेत्याने बदललेले सॉफ्टवेअर ज्या ग्रंथालयाला दिले, त्या ग्रंथालयाला त्याने स्रोत आणि तेच सगळे हक्क द्यायचे असतात. तुम्हाला काही कळवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. पण ते ग्रंथालय तो स्रोत तुम्हाला देऊ शकते, दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला देऊ शकते, आणि त्यामुळे विक्रेत्याची मक्तेदारी उभीच राहत नाही. तो सेवेचे पैसे घेऊ शकतो, कुलूप घालू शकत नाही. तुम्हाला हवे आहे ते बहुधा हेच आहे.

एक फट मात्र उरते, आणि ग्रंथालयांच्या बाबतीत ती नेमकी महत्त्वाची आहे. विक्रेत्याने सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून ग्रंथालयांना केवळ ब्राउझरमधून वापरायला दिले, तर साध्या जीपीएलखाली ते वितरण ठरत नाही आणि स्रोत देण्याचे बंधन लागत नाही. कोहा हे तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झालेले आणि २००० च्या आरंभी वापरात आलेले ग्रंथालय-व्यवस्थापनाचे हे जीपीएल सॉफ्टवेअर आज आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही चालते. त्याची सेवा देणाऱ्या लिबलाइम या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये स्वतःची निराळी, सर्व्हरवर चालवलेली आवृत्ती काढली तेव्हा समुदायात फूट पडली. पुढे कंपनीची मालकी बदलली, आणि २०११ मध्ये ‘कोहा’ हे नावच न्यूझीलंडमध्ये तिच्या नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले जाण्याच्या बेतात आले. ट्रस्टला त्याविरुद्ध लढावे लागले आणि निकाल अखेर ट्रस्टच्या बाजूने गेला, पण कोड सुरक्षित असूनही नाव सुरक्षित नव्हते हे त्यातून सगळ्यांना दिसले.

म्हणून माझा कल जीपीएलपेक्षा तिचाच एक प्रकार असलेल्या एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे आहे. बदललेली आवृत्ती सर्व्हरवरून वापरू देणाऱ्यानेही वापरणाऱ्यांना स्रोत दिला पाहिजे, असे तिचे तेरावे कलम सांगते. सातव्या कलमाखाली तुम्हाला लेखकांची नावे राखण्याची आणि उगमाबद्दल दिशाभूल न करण्याची जादा अट घालता येते, तसेच तुमचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्याचा हक्क दिलेला नाही असेही नमूद करता येते. मोठ्या कंपन्या एजीपीएलला बिचकतात हे खरे. तुमच्या ग्राहकांत त्या नाहीत. सॉफ्टवेअरचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचे असेल, तर व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि तुमच्या बाबतीत वकिलाच्या नोटिसांपेक्षा हा खर्च अधिक कामाचा ठरेल असे मला वाटते. इलॅस्टिक या कंपनीचा अनुभवही एजीपीएलच्याच दिशेने जातो: तिच्या सॉफ्टवेअरची सेवा ॲमेझॉन विकत होती म्हणून २०२१ मध्ये तिने अपाची हा सैल परवाना सोडला, ॲमेझॉनने जुन्या आवृत्तीवरून ओपनसर्च ही शाखा काढली, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने आपल्या परवान्यांत एजीपीएलची भर घालून ‘ओपन सोर्स’ हे नाव पुन्हा घेतले.

कार्यालयाच्या लॅपटॉपचा मुद्दा तुम्ही ओघात लिहिला आहे, पण तो ओघात सोडण्यासारखा नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, निराळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. लॅपटॉप कोणाचा एवढ्यावरून हे ठरत नाही. मित्राचे कामाचे स्वरूप आणि नियुक्तीपत्रातील कलमे पाहावी लागतील, आणि ती कलमे अनेकदा फार ऐसपैस असतात. त्याने कंपनीकडून लेखी ना-हरकत पत्र घ्यावे, आणि ते मिळेपर्यंत नवी आवृत्ती प्रसिद्ध करू नये. पुढे स्वयंसेवकांकडून हक्क लिहून घ्यायचे ठरवलेत, तर त्या कागदावर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे धरले जाते. मी स्वतः असे हक्क मागणार नाही. प्रत्येकाचा कोड त्याच्याच मालकीचा राहिला, तर परवाना पुन्हा बदलताना प्रत्येकाला विचारावे लागते, आणि ज्यांचा विश्वास एकदा डळमळला आहे त्यांना हीच गोष्ट धीर देईल.

राहिला स्वयंसेवकाचा पहिला आक्षेप, माझ्या कोडचा परवाना परस्पर बदलता येत नाही हा. कायद्याच्या काट्यावर तो बहुधा टिकणार नाही. एमआयटी परवान्याखाली दिलेला कोड अधिक कडक अटींच्या प्रकल्पात घालता येतो. विक्रेत्याने जी मुभा वापरली तीच तुम्ही स्वयंसेवकाच्या कोडबाबत वापरलीत. याच कारणाने तुम्हाला एजीपीएलकडेही जाता येईल. परंतु विक्रेत्याला जी अट होती ती तुम्हालाही आहे. तुम्ही परवान्याची फाइल बदलली असे लिहिता. तेव्हा नव्या आवृत्तीत एमआयटीचा जुना मजकूर आणि त्या स्वयंसेवकाच्या प्रताधिकाराची सूचना शिल्लक आहे का, ते आधी पाहा. नसेल तर विक्रेत्याला पत्र पाठवण्यापूर्वी ती परत घाला. मग स्वयंसेवकाला लिहा की मनाईची अट आम्ही मागे घेत आहोत आणि एजीपीएलचा मसुदा तुमच्या मतासाठी सोबत जोडला आहे. आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत मुखपृष्ठावरून ‘ओपन सोर्स’ हे शब्द उतरवून ठेवा.